परवा गेलेली बिल्कीस

टँकरच्या पाण्याला स्वतःचा एक वास असतो. गंजक्या लोखंडाचा, डिझेलचा, तोटीला बांधलेल्या ओल्या गोणपाटाचा. आणि या सर्वांच्या तळाशी, नाक जरा धीराने लावले तर, कुठल्याशा दूरच्या विहिरीतल्या शेवाळाचा. फुलंब्रीच्या थांब्यावर बस उभी असताना शेजारून एक टँकर ठिबकत गेला आणि तो वास खिडकीतून आत शिरून माझ्या शेजारी बसला. तिकीट न काढता.

इतरांचे बालपण म्हणे बकुळीच्या नाहीतर कोऱ्या पुस्तकाच्या वासाने परत येते. माझे डिझेलने येते. त्याला माझा इलाज नाही. मी पुंडलिकनगरात वाढले आणि ज्या वर्षांत वाढले ती दुष्काळाची होती. आता पन्नाशी ओलांडल्यावर निघाले होते, तर पुन्हा दुष्काळच होता. आमच्याकडे तो पाहुण्यासारखा येत नाही. बाहेरगावी गेलेल्या घरच्या माणसासारखा परततो.

मी चालले होते अजिंठ्याला, तीन दिवसांच्या एकांतासाठी. एकांतावर मी बऱ्याच कविता लिहिल्या आहेत. त्यांतली प्रत्येक कविता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दाराची घंटा, कुकरची शिट्टी आणि नवऱ्याचे ‘माझा चष्मा पाहिलास का?’ यांच्या कात्रीत लिहिलेली आहे. एका समीक्षकाला त्यांत ‘अरण्याची नीरवता’ आढळली, तेव्हा मात्र मला लाज वाटली. ज्या पदार्थाची आपण आयुष्यभर तारीफ केली तो निदान एकदा चाखून पाहावा, असे म्हणून मी पिशवी भरली.

घरी एवढेच सांगितले. सांगितले नाही ते असे, की अजिंठा हे बिल्कीसचे आजोळ होते.

शहर संपण्याची वाट पाहताना

लहानपणी हर्सूल आले की शहर संपे. आता हर्सूल येते, जाते, आणि शहर बसच्या दोन्ही अंगांनी धावतच राहते. माळरानावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. फलकांवरच्या नावांत तळी होती, झरे होते, एका ठिकाणी तर चक्क कारंजे होते. आणि फलकाच्या सावलीत रिकाम्या घागरी घेऊन बाया उभ्या होत्या. घाट चढून गेल्यावर कुठे शहराला दम लागला आणि ते मागे राहिले.

बिल्कीसच्या वडिलांचे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या पेट्यांचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. “अब्बा दिनभर पत्रा ठोकते, शामकू मेरे कू,” असे ती शाळेत खुशाल सांगे आणि हसे. दंडावरच्या वळांना तिच्याजवळ रोज नवे कारण असे: उंट चावला, टांगा अंगावरून गेला, जिनाशी कुस्ती झाली आणि जीन हरला. मला त्या कारणांचा हेवा वाटे. माझ्या गुडघ्याला लागले तर ते नुसते पडून लागलेले असे.

ती चावत असे. मुलांना, मुलींना, एकदा गणिताच्या बाईंना. पोरे तिला ‘बिल्ली’ म्हणत, अर्थात अंतर राखून. आमचे घराणे मूळचे भिक्षुकीचे, मग कारकुनीचे. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले सोवळे टँकरच्या रांगेत एका उन्हाळ्यात विरघळले. आईला ही मुलगी कुलक्षणी वाटे. पण टँकरचा भोंगा वाजला की आई आधी तिलाच हाक मारी, कारण बिल्कीस दात दाखवत पुढे घुसली की रांग दुभंगे आणि आमच्या घागरीत पाणी पडे. त्याच पाण्याने आमच्या देवांना अंघोळ घातली जाई. देवांनी कधी चौकशी केली नाही.

मग एके दिवशी शेजारच्या शेतकऱ्याने तिची काहीतरी चहाडी केली आणि वडिलांनी तिला गल्लीदेखत एका पेटीत कोंडले. नवीकोरी निळी पेटी होती, झाकणावर गुलाब काढलेले. बऱ्याच वेळाने झाकण उघडले तेव्हा बिल्कीस बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, “अंदर थंडा है.” दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटली.

दुष्काळात कडबा जाळणे म्हणजे जनावरांच्या तोंडचा घास जाळणे. ती शांतपणे काडीपेटी खिशात ठेवत होती, ते मी पाहिले, आणि पाहणारी मी एकटी नव्हते. ज्वाळा गंजीपेक्षा उंच गेल्या. फार देखण्या होत्या. ते मी त्या वेळी कुणाला बोलले नाही, इतकी अक्कल मला होती. त्याच आठवड्यात बिल्कीसला आजोळी धाडले. कुणी रडले नाही. ‘त्या पोरीचं काही खरं नाही,’ असा निकाल गल्लीतल्या बायकांनी एकमताने दिला. आणि पुढचा टँकर आला तेव्हा आईने सवयीने तिलाच हाक मारली.

तो निकाल खरा ठरला की खोटा, एवढेच मला अजिंठ्यात जाणून घ्यायचे होते. बिल्कीसचे वाईट झाले असेल तर मला दुःख होणार होते. शिवाय त्या बायका बरोबर ठरणार होत्या, हे दुःख वेगळे.

अजिंठा, लेण्यांशिवाय

अजिंठ्याला जाऊन लेणी न पाहणे हे तिरुपतीला जाऊन फक्त केस कापून घेण्यासारखे आहे, असे लॉजच्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते.

“आज सोमवार. लेण्या बंद असत्यात. उद्या जा.”

“मला लेणी पाहायची नाहीत.”

“मंग?”

“एकटं राहायचंय.”

त्याने माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, मग मागून कुणी येते आहे का म्हणून रस्त्याकडे पाहिले. “संग कोन हाय?”

“कुणी नाही. म्हणून तर एकटं.”

“मिस्टर?”

“घरी आहेत.”

“त्यांला माहीत हाय?”

मी किल्ली घेतली. जिन्यावर असताना खालून आवाज आला, “म्याडम, कडी आतून लावू नका. अडकती.” कडी अजिबात अडकत नव्हती. लोकांना उगीच सावध करण्याची हौस असते, असे मला वाटले.

जेवण मात्र झकास होते. ज्वारीची भाकरी, तर्रीदार शेवभाजी आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. ती कुटण्यात ज्याचा हात होता त्याने मिरचीशी वैर आणि लसणाशी सोयरीक केलेली असावी. आमच्या घरी शेवेची भाजी म्हणजे पाहुण्याला फसवण्याचा प्रकार. इकडे खानदेशाच्या वाऱ्याने तिला राजेपण आले आहे. पाण्याचा पेला मात्र मागितल्यावरच मिळे, आणि तोही आणणारा वर थोडा थांबून आपण पूर्ण पितो की नाही हे पाही. पुण्यामुंबईच्या वाचकांना यात उद्धटपणा दिसेल. मला माहेर दिसले.

संध्याकाळी जुन्या दगडी वेशीतून बाजारात फिरून आले. पन्हाळी पत्रे, दोरखंड, चपला, सुकलेली मेथी. कुणाही म्हाताऱ्या दुकानदाराला ‘पेट्यावाल्याची बिल्कीस’ म्हणून विचारता आले असते. विचारले नाही. प्रश्न पोटात होता तोवर उत्तरही माझेच होते.

कडा

दुसऱ्या दिवशी सकाळी शेते ओलांडून पठाराच्या टोकाला गेले. हे पठार उतरत नाही. बोलता बोलता कुणी वाक्य अर्धे सोडावे तसे संपते. खाली दरी, दरीत नदीची कोरडी वळणे, पांढऱ्या धोंड्यांची. पळीभर पाणी कुठे तरी असावे, कारण एका ठिकाणी हिरवे काही हलत होते. बाकी सगळीकडे सागाच्या काठ्या आणि सालईच्या गोऱ्या, साल सुटलेल्या फांद्या. पळस तेवढा फुललेला. सारे रान उपाशी असताना एकटा पळस शालू नेसून उभा राहतो. त्याला थोडी तरी शरम हवी होती.

एका सपाट दगडावर बसले. सागाचे एक वाळके पान सुटले आणि खाली येईपर्यंत असे खडखडले, जणू जिन्यावरून पत्रावळ घरंगळावी. मग शांतता. उन्हाला आवाज असतो हे मी लिहिले होते, ते ठोकून दिले होते; पण असतो. तापलेल्या खडकातून बारीक करकर येते, जशी चुलीवरून उतरवलेल्या तव्यातून. आणि मग कुठून तरी तांबट पक्षी सुरू झाला: टुक, टुक, टुक, एकाच ठिकाणी, न थकता, पत्रा ठोकल्यासारखा. मी डोळे मिटले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. निळी पेटी उघडत होती. तिच्यातून बाहेर आलेली मुलगी काय बोलली ते सगळ्यांना ऐकू गेले होते. तिची बोटे कशी थरथरत होती ते फ्रॉक झटकण्यात झाकले गेले.

माझा एकांत येथे अगदी रंगात आला होता. तेवढ्यात मागे बकरी खोकली.

बकरीमागे दहाबारा बकऱ्या, आणि त्यांच्यामागे डोईवर पदर घट्ट ओढलेली एक म्हातारी. ती आली ती थेट माझ्या दगडावर, माझ्या आणि दरीच्या मध्ये बसली.

“बसू द्या वाईच.”

एवढे पठार मोकळे होते. मी सरकले. ती पण सरकली.

“सासरी भांडून आल्या व्हय?”

“नाही.”

“दुखनं-बिखनं?”

“छे.”

“मंग कामून असं दरीकडं तोंड करून बसल्या? उडी मारनारं मानूस असंच बसतं.”

तेव्हा कुठे मला कडीचा उलगडा झाला. लॉजच्या मॅनेजरने हिला निरोप पाठवला होता: शहरातली बाई, एकली, नवऱ्याला सोडून आलेली, लेण्यापण बघत नाय. ध्यान ठेव. म्हातारीचे नाव कौसाबाई. बाई एकटी बसलेली दिसली की तिच्याजवळ जाऊन बसायचे, हा तिथला रिवाज. मी एकांतावरचे माझे विचार तिला समजावून सांगितले. तिने ते पूर्ण ऐकले आणि कंबरेच्या पिशवीतून तंबाखू काढली.

“तुमी काय पयल्या न्हाय,” ती म्हणाली. “ह्याच दगडावर ती बसायची. बिल्कीसआपा. तिच्यावर बी मीच ध्यान ठिवायची.”

तांबट थांबला असावा, किंवा मला ऐकू येईनासा झाला.

“कोण बिल्कीस?”

“रशीदभाईची आतेबहीन. पोर असताना शहरातून धाडल्याली. लई डांबरट! माज्या बकरीला चावली व्हती एकदा.”

संशयाला जागाच उरली नाही. मी विचारले, “आता कुठे असते?”

कौसाबाईने तळवा आकाशाकडे उलटा केला. “गेली की परवा.”

एवढे बोलून ती एका उनाड बकरीमागे उठून गेली.

परवा. मी घरून निघण्याच्या आदल्या दिवशी. इतकी वर्षे गेली आणि मी दोन दिवसांनी चुकले. पुढचे काय सांगू? रडू आले ते कवितेतल्यासारखे आले नाही. नाकातून आले, उचकी लागली, पदराऐवजी नकाशाचा कागद वापरावा लागला. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या भरातही एक ओळ सुचली: ‘आगीची मैत्रीण मातीत’ असे काहीतरी. बिल्कीस असती तर त्या ओळीला चावली असती. मी ओळ सोडून दिली आणि नुसती रडले. सूर्य माथ्यावरून कलला तरी रडत होते.

कौसाबाई परत आली, माझा चेहरा पाहिला आणि काठी टाकून धावली. “उठा! आदी उठा हितून!” तिने दंड धरून मला कड्यापासून शेतापर्यंत ओढत नेले. बकऱ्या रांगेने मागून आल्या.

रशीदभाईंचे घर

दुखवट्याला जायचे तर काय न्यायचे? आमच्याकडे रिकाम्या हाताने जातात, कोपऱ्यात बसतात आणि ‘किती वाजता?’ असे विचारतात. बिल्कीसच्या घरी मात्र मी पाहिले होते, की मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही आणि शेजारपाजार जेवण पोचवतो. म्हणून लॉजमधून पिठले-भाकरीचा डबा बांधून घेतला आणि घर विचारत निघाले. कौसाबाई चार हात मागे होती. तिची नेमणूक संपलेली नव्हती.

घर वेशीच्या आत, निळ्या दाराचे. दारातच फोडणीचा वास आला. मटणाचा रस्सा! कांदा, खोबरे, लवंग, सगळे साग्रसंगीत. इथल्या रीती सैल झाल्या आहेत, असे मनात म्हणून मी आत गेले.

खाटेवर बिल्कीसची मामी बसली होती. म्हातारी, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर निवडायचे तांदूळ.

“मी बिल्कीसची शाळेतली मैत्रीण,” मी म्हणाले. “शहरातून आले.”

“आओ, आओ बेटा. बैठो.”

मी बसले. डबा पुढे ठेवला. “फार वाईट झालं.”

तांदळातला हात थांबला. “क्या हुआ?”

“बिल्कीसचं… मला आत्ताच कळलं.”

“बिल्कीस कू क्या हुआ?”

हिला अजून सांगितलेले नाही, हे माझ्या ध्यानात आले. शब्दांवर आयुष्य काढलेल्या बाईला त्या क्षणी सापडला तो एकच शब्द. मी म्हणाले, “गेली.”

मामीने तांदळाचे ताट उडवले. “हाय मेरी बच्ची!” असा टाहो फुटला की छपरावरची कबुतरे उठली. मला वाटले होते की मी सांत्वनाला आले आहे. त्या घराला वाटले की मी शहरातून खबर घेऊन आले आहे. मीही पुन्हा रडू लागले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत असताना आतून रशीदभाई पळी हातात घेऊन धावत आले. धिप्पाड गृहस्थ, चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला.

“कब?” त्यांनी विचारले.

“परवा.”

रशीदभाई थबकले. पळीतून रस्सा ठिबकला. “आज सुबू तो फोन पे मेरे कू गाल्यां देरी थी.”

सगळ्यांचे रडणे मधेच अडकले. मग सगळे कौसाबाईकडे पाहू लागले, कारण मी तिच्याकडे बोट दाखवले होते.

“म्या कुठं मेली म्हन्लं?” कौसाबाई उंबऱ्यातून कडाडली. “गेली म्हन्लं! शहरात गेली. र्‍हायला गेली.”

“पण परवा म्हणालात!”

“मंग? मागल्या दुष्काळात गेली. परवाच न्हाय का त्ये?” आणि मग, खऱ्या कुतूहलाने, “तुमच्याकडं गेलं म्हंजी मेलंच व्हय?”

खरे उत्तर होय असेच होते. आमच्या सभ्य मराठीत कुणी मरतच नाही. माणसे जातात, वारतात, देवाघरी जातात, त्यांना देवाज्ञा होते; मरतात ती फक्त झुरळे. आणि परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, अशी माझी व्याकरणाची समजूत. कौसाबाईचा काळ कॅलेंडरावर चालत नाही. हा दुष्काळ म्हणजे आज, मागला दुष्काळ म्हणजे परवा. मधली पाऊसपाण्याची वर्षे ती धरतच नाही.

मामीने ओढणीने डोळे पुसले आणि त्याच ओढणीचा एक फटका माझ्या दंडावर दिला. “जान निकाल दी मेरी! रशीद, फोन लगा उसकू. मेरे कू आवाज सुना.” फोन लागेपर्यंत तिने डब्याचे झाकण उघडून पाहिले. “मैयत का खाना लाई? क्या है?”

“पिठलं.”

“रख उधर. रस्से के साथ खाएंगे.”

रशीदभाईंनी मला सांगितले ते असे. बिल्कीस शहरात, पडेगावच्या अंगाला राहते. शाळेची व्हॅन चालवते, स्वतःची. नवरा होता, त्याला तिने सोडले. मुलगी शिकते आहे. म्हणजे जेवढी वर्षे ती मला अजिंठ्यात आठवत होती त्यांतली कित्येक वर्षे ती माझ्याच शहरात, माझ्या घरापासून दुसऱ्या टोकाला, लहान मुलांना शाळेत पोचवत होती. शहर इतके वाढले की दोन बायका त्यात बेमालूम हरवल्या. आणि त्या मुलांच्या आयांना ती कोण होती हे कुणी सांगितलेले नाही, हे फारच उत्तम झाले.

फोन लागला. मामी ओरडली, “बिल्लो! जिंदा है ना?”

“अब क्या हुआ, मुमानी?” पलीकडून आवाज आला. जाड झालेला, घोगरा, आणि त्याच्या मागे मुलांचा कल्ला. “गाडी में बच्चे हैं. जल्दी बोलो.”

मामीने फोन माझ्या हातात कोंबला. मी म्हणाले, “मी वैजू.”

“कौन?”

“वैजू. पुंडलिकनगरची.”

मागच्या सीटवर कुणीतरी पाढे म्हणत होते. मग ती हळू आवाजात मराठीत म्हणाली, “तू अजिंठ्यात काय करतीस?”

“मला वाटलं तू गेलीस.”

“कुठं?”

“मेलीस, असं वाटलं. परवा. कौसाबाईंनी सांगितलं, म्हणजे त्यांनी तसं नव्हतं सांगितलं, पण मला तसं कळलं.” मी फार भराभर बोलत होते; मामी, रशीदभाई आणि कौसाबाई तिघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. “म्हणून मी तिथे कड्यावर बसले आणि रडले, बिल्कीस. तुझ्यासाठी.”

गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. इंजिन बंद झाले. मुलेसुद्धा गप्प झाली. तिने मागे वळून पाहिले असणार. मग, ज्या आवाजात ती कधीच कुणाकडे काही मागत नसे त्या आवाजात, तिने मला विचारले:

“कित्ता रोई?”